पडद्याचे माप आणि पिटातली जागा

२०२३ च्या जुलैमध्ये क्रिस्टोफर नोलन यांचा 'ओपनहायमर' प्रदर्शित झाला, त्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने मला एक कोष्टक आणून दाखवले. निरनिराळ्या शहरांतल्या मोठ्या पडद्यांची उंची-रुंदी त्यात फुटांत मांडली होती. शेजारच्या रकान्यात प्रोजेक्टरचा प्रकार आणि त्याच्या शेजारी तिकिटाचा दर. कोल्हापुरात त्या वेळी आयमॅक्स नव्हते, म्हणून ही मुले रात्रीची गाडी पकडून मुंबईला निघाली होती. त्यांचा प्रश्न एवढाच होता : खरे आयमॅक्स कोणते? मला त्यांना सांगावे लागले की त्यांना हवे होते ते 'खरे', म्हणजे सत्तर मिलिमीटर फिल्मवरचे, आयमॅक्स त्या वेळी जगात अवघ्या तीसेक चित्रपटगृहांत दाखवले जात होते आणि त्यांत भारतातले एकही नव्हते. मुले थोडी हिरमुसली, पण गेली. परत आल्यावर त्यांनी चित्रपटाविषयी जितके सांगितले त्याहून अधिक आपण कुठल्या रांगेत बसलो होतो याविषयी सांगितले.

हे मला लक्षणीय वाटले. मोठ्या पडद्यांची तुलना करताना आपण पडदा मोजतो. पडदा आणि पाहणारा यांच्यामधले अंतर मोजत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे अंतर आहे. त्यासाठी कोल्हापूरहून निघणे मला सोयीचे वाटते. एक तर मी इथला आहे, आणि दुसरे म्हणजे या गावात मोठ्या पडद्याचा प्रश्न सिनेमाच्या आधीपासून अस्तित्वात आहे.

'पडदा' या शब्दाला मराठीत दोन कामे आहेत. नाटकाचा पडदा झाकतो आणि सिनेमाचा पडदा दाखवतो. पण संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात झाकणारा पडदासुद्धा दाखवत असे. राजवाडा, रस्ता, अरण्य, नदीकाठ असे रंगवलेले प्रचंड पडदे नाटकमंडळ्यांबरोबर गावोगाव फिरत, आणि नव्या पडद्यांची जाहिरात नव्या पदांइतक्याच उत्साहाने होई. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे आते-मामे भाऊ याच कामातून पुढे आले. केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श'साठी त्यांनी पडदे रंगवले. १९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना चलच्चित्राने झपाटले. स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास होता, हाती पैसा नव्हता. म्हणून त्यांनी आधी चित्रपट दाखवण्याचा धंदा केला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. १९१८ मध्ये बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला.

हा क्रम नीट पाहावा. पडदा रंगवणारे, मग पडद्यावर दुसऱ्यांची चित्रे दाखवणारे, मग स्वतः चित्रे घेणारे. म्हणजे कोल्हापूरचा सिनेमा प्रेक्षागृहातून निर्माण झाला आणि मागाहून स्टुडिओत गेला. आपण त्याचा इतिहास मात्र नेमका उलटा लिहितो : महाराष्ट्र फिल्म कंपनी, १९२९ ची 'प्रभात', कोल्हापूर सिनेटोन, शालिनी, जयप्रभा. निर्मितीगृहांची ही वंशावळ आमच्या प्रत्येक स्मरणिकेत असते. पद्मा, उषा, पार्वती, शाहू, उर्मिला ही नावे तिथे आलीच तर जाहिरातीच्या पानावर येतात.

आता जरा दूर जाऊ. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ल्युमिएर बंधूंनी यंत्रशाळेच्या अवाढव्य दालनात सुमारे एकवीस मीटर रुंद आणि सोळा मीटर उंच पडदा टांगला होता. कापड पाण्याने भिजवले जाई, त्यामुळे प्रकाश त्यातून पार जाई आणि चित्र दोन्ही बाजूंनी दिसे. हजारो माणसे एका वेळी पाहत. सत्तर वर्षांनी आयमॅक्सने जे प्रमाण माप ठरवले ते सुमारे बावीस मीटर बाय सोळा मीटर. एका मीटरचा फरक! मग सत्तर वर्षांत घडले काय? पडद्याचे कापड वाढले नाही. त्याच्याशी असलेले माणसाचे नाते बदलले. पॅरिसमधला प्रेक्षक दूर उभा राहून एक भले मोठे चित्र पाही. आयमॅक्समध्ये सगळ्या रांगा जवळजवळ पडद्याच्या उंचीइतक्या अंतरात कोंबलेल्या असतात, त्यामुळे चित्राची कड डोळ्यांना चटकन सापडत नाही. पहिला प्रकार भव्य आहे, दुसरा वेढणारा. या दोन गोष्टी एकच समजून कोष्टके मांडली की घोटाळा होतो.

दोन्ही बाजूंनी दिसणारा पडदा ही पॅरिसची मिरास नव्हे, हे ग्रामीण भागात वाढलेल्या वाचकांना सांगायला नको. मैदानात बांधलेल्या पडद्याच्या पाठीमागे बसून, उलटी अक्षरे आणि डावखुरे नायक पाहत कित्येकांनी सिनेमा पाहिला आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांमधून, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या ठिकाणी, तंबूतले सिनेमे अगदी अलीकडेपर्यंत गर्दी खेचत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट याच फिरत्या मंडळींवर आहे. तंबूत बाल्कनी नसते. सगळे जमिनीवर, सगळे पुढे सरकणारे. म्हणजे सगळा तंबू हाच पिट.

इथे 'पिट' या शब्दापाशी थांबले पाहिजे. मराठी नाट्यसमीक्षेने हा शब्द फारसा प्रेमाने वापरलेला नाही. पिटातला प्रेक्षक म्हणजे शिट्ट्या मारणारा, उथळ विनोदाला हसणारा, पल्लेदार संवादावर टाळ्या पिटणारा. 'पिटाला खूश करण्यासाठी लिहिलेला प्रवेश' हे वाक्य समीक्षकाने लिहिले की त्या प्रवेशाचा निकाल लागला! पण पिट ही आधी एक जागा आहे, अभिरुचीचे नाव ती नंतर झाली. नाटकात रंगमंचाजवळची जागा मानाची आणि महाग होती, पिट तिच्या मागे. सिनेमाने हा क्रम फिरवला. पडद्याजवळची जागा सर्वांत स्वस्त झाली आणि सर्वांत दूरची, उंचावरची बाल्कनी सर्वांत महाग. दूर बसण्याचे पैसे पडू लागले.

कारणे उघड आहेत. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट जेमतेम बावीस मिलिमीटर रुंद आणि सोळा मिलिमीटर उंच असते. तेवढ्या तुकड्यातून चाळीस फुटांचे चित्र काढले की जवळून त्यातले कण दिसतात, कडा फुटतात, मान अवघडते. शिवाय पुढे गर्दी, घाम, विडीचा धूर. मागे आणि वर बसणाऱ्याला नीटनेटके, आटोपशीर, चौकटीत बसवलेले चित्र मिळे. पण आकडे मांडून पाहावेत. समजा, पडदा चाळीस फूट रुंद आहे आणि बाल्कनी शंभर फुटांवर. तिथून पडदा डोळ्यांना साधारण तेवीस अंशांचा कोन व्यापतो. पंचवीस फुटांवर, बाकावर बसलेल्याला तोच पडदा सत्त्याहत्तर अंशांचा दिसतो. आता बहात्तर फुटी आयमॅक्सच्या पडद्यापासून साठ फुटांवरची जागा घ्या : कोन साधारण बासष्ट अंशांचा येतो. म्हणजे भूमितीपुरते बोलायचे तर, जे अनुभवण्यासाठी माझे विद्यार्थी मुंबईला गेले ते कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या थिएटरात सर्वांत स्वस्त तिकिटावर बसणाऱ्या हमालाला आणि गिरणी कामगाराला रोज मिळत होते, आणि त्या मोबदल्यात त्याला आपण अभिरुचिहीन म्हणत होतो.

अर्थात भूमितीपुरतेच. चित्राचा दर्जा हा वेगळा भाग, आणि मोठ्या फॉरमॅटांचा इतिहास हा त्या दर्जासाठी झालेल्या धडपडीचा इतिहास आहे. पण त्याकडे वळण्यापूर्वी एक नोंद. ज्या काळात पडदा वाढवण्याची तांत्रिक सोय नव्हती त्या काळात कोल्हापूरच्या परंपरेने आकार चौकटीच्या आत वाढवला. बाबूराव मूळचे पडदे रंगवणारे. त्यांना लहान चौकटीत खोली कशी भरायची हे माहीत होते, आणि 'सिंहगड'मध्ये (१९२३) त्यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शांतारामांनी 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) टेलिफोटो भिंगातून चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर केला. तो डोळा बाल्कनीतल्याला प्रभावी वाटला असेल; पिटातल्याला तो अंगावर आला असणार. एकच चौकट, एकच क्षण, पण दोन वेगळे चित्रपट. समीक्षा लिहिणारे बहुधा वर बसलेले असत, म्हणून आपल्याकडे पहिल्याच चित्रपटाची वर्णने शिल्लक आहेत.

१९५२ हे वर्ष घेऊ. त्या वर्षी भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' आला, जुन्या जवळजवळ चौकोनी चौकटीत. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये 'धिस इज सिनेरामा' दाखवला गेला. तीन प्रोजेक्टर, खोलगट वळलेला पडदा, १४६ अंशांचे चित्र, सात मार्गांवरचा ध्वनी. फ्रेड वॉलर यांच्या या योजनेचे उद्दिष्ट माणसाच्या नजरेच्या कोपऱ्यांपर्यंत चित्र पोचवणे हे होते. अमेरिकेत दूरदर्शन घरोघर शिरत होते. घरी मिळणार नाही असे काही देणे भाग होते. पण तीन चित्रांमधले सांधे दिसत, आणि नायक-नायिकेने एकमेकांकडे पाहण्यासारखी साधी गोष्ट कॅमेऱ्याला अवघड होई. प्रवासवर्णनाला उत्तम, कादंबरीला निरुपयोगी. पुढच्याच वर्षी 'द रोब'मधून सिनेमास्कोप आले. हा स्वस्त तोडगा होता : चित्र घेताना भिंगाने ते आडवे दाबायचे आणि दाखवताना पुन्हा पसरायचे. फिल्म तीच, प्रोजेक्टर तोच, फक्त पुढे एक भिंग. म्हणूनच ते जगभर पसरले. भारतात १९५९ मध्ये गुरुदत्त यांनी 'कागज के फूल'साठी ते वापरले. रुंद पडद्यावर फौजा आणि देवालये भरायची रीत असताना गुरुदत्त आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी त्यात ओसाड स्टुडिओ आणि प्रकाशाचा एक झोत भरला. लोकांनी चित्रपट पाडला, ही गोष्ट वेगळी.

सिनेमास्कोप कागदावर रुंद असले तरी गावोगावच्या थिएटरांत काय झाले, हे फॉरमॅटांच्या इतिहासात येत नाही. ज्या थिएटरचा रंगमंच मुळात नाटकासाठी बांधलेला, त्याची कमान रुंद होणार कशी? अशा ठिकाणी स्कोपचे चित्र बाजूंना वाढण्याऐवजी वरून-खालून कमी होई. आधीच्या चित्रपटाहून 'भव्य' चित्रपट प्रत्यक्षात लहान दिसे! आणि जिथे जागा होती तिथे? मला माझ्या शाळकरी वयातले एक थिएटर आठवते, त्याचे नाव महत्त्वाचे नाही. जाहिराती आणि न्यूजरील संपले की पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या कुरकुरत मागे सरकू लागत. पांढरे कापड उजवी-डावीकडे उघडे पडत जाई. चित्रपट अजून सुरू झालेला नसे, आणि पिटातून पहिली शिट्टी त्या सरकण्याला मिळे. पडदा मोठा होतो आहे, एवढ्याच घटनेला दाद. आज पुष्कळ मल्टिप्लेक्समध्ये पडदा आधीच ठरलेल्या आकाराचा असतो आणि रुंद चित्रपटाला वर-खाली काळे सोडले जाते. म्हणजे जुन्या नाट्यगृहातला दोष नव्या इमारतीत नियम होऊन बसला आहे.

सत्तर मिलिमीटरची गोष्ट आपल्याकडे 'शोले'मुळे घरोघरी पोचली. १९५५ च्या 'ओक्लाहोमा'पासून हॉलिवूडमध्ये ६५ मिलिमीटरवर चित्रण करून ७० मिलिमीटरवर प्रती काढण्याची प्रथा रुजली होती. चौकटीचे क्षेत्रफळ पस्तीसच्या तिपटीहून अधिक. 'शोले' मात्र पस्तीसवरच चित्रित होऊन मागाहून सत्तरवर मोठा केलेला चित्रपट. तपशील त्यामुळे वाढत नाही, हे खरे. पण प्रकाश वाढतो, स्थैर्य वाढते, आणि फिल्मच्या कडेच्या चुंबकीय पट्ट्यांवरून अनेक मार्गांचा ध्वनी मिळतो. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे टिकला. फेकलेले नाणे आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून वाकून पाहणाऱ्या प्रेक्षकांची गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. मिनर्व्हासारखी सोय नसलेल्या असंख्य गावांनी तोच 'शोले' पस्तीसच्या प्रतीवर, एकाच भोंग्यातून ऐकला, आणि तरीही तो त्यांना पाठ झाला. म्हणजे फॉरमॅट निरर्थक ठरत नाही. पण त्याच्यावाचून काय उरते तेही कुणीतरी मोजायला हवे होते.

आयमॅक्सची करामत यांत्रिक आहे. फिल्म सत्तर मिलिमीटरचीच, पण ती उभी न धावता आडवी धावते. एका चौकटीला पंधरा छिद्रे लागतात. चौकट पस्तीसच्या नऊ-दहा पट मोठी. साधी फिल्म प्रोजेक्टरमधून सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडी कमी सरकते, ही सुमारे १.७ मीटर. 'ओपनहायमर'ची प्रत अकरा मैल भरली ती यामुळे. १९७० मध्ये ओसाकाच्या प्रदर्शनात 'टायगर चाइल्ड'पासून तिची सुरुवात झाली, पुढच्या वर्षी टोरोंटोत कायमचे चित्रगृह उभे राहिले. आपल्याकडे २००१ मध्ये मुंबईत वडाळ्याला अॅडलॅब्सचे घुमटाकार आयमॅक्स आले आणि २००३ मध्ये हैदराबादला प्रसाद्सचा बहात्तर फूट उंच, पंचाण्णव फूट रुंद सपाट पडदा. घुमट सागरतळाला आणि हिमशिखरांना शोभतो. माणसाचा चेहरा त्यावर कडेला गेला की वाकतो. पुढे वडाळ्याला सपाट पडदा आला, आणि हैदराबादचा फिल्म-प्रोजेक्टरही कालांतराने गेला. २००८ पासून आयमॅक्स हे नाव डिजिटल प्रोजेक्टरांच्या जोडीला मिळाले, तेही पुष्कळदा जुनेच सभागृह दुरुस्त करून. त्यावरून पुढच्या वर्षी अमेरिकेत बरीच ओरड झाली. लेझर आल्यावर दर्जा पुन्हा सुधारला, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. पण नाव एक आणि वस्तू तीन-चार, अशी स्थिती आहे, आणि कोष्टके करणाऱ्या मुलांचा गोंधळ उगाच नाही.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली मुख्य गोष्ट वेगळीच आहे. दहापट मोठ्या चौकटीने जवळून पाहण्यातली शिक्षा काढून टाकली : कण गेले, अंधुकपणा गेला, उतरत्या आसनव्यवस्थेने पुढच्याचे डोके गेले. उरले ते फक्त वेढले जाण्याचे सुख. पिटाचे सुख पिटातल्या माणसावाचून विकता येऊ लागले. आयमॅक्समध्येही पहिली रांग तुलनेने स्वस्त असते, हे कबूल. परंतु तिथली शेवटची, सर्वांत महाग रांगसुद्धा जुन्या हिशेबाने पिटातच असते. ज्या अनुभवाला आपण शंभर वर्षे उथळ म्हणत आलो त्याला आता 'इमर्सिव्ह' म्हणतात, आणि त्यावर प्रबंध लिहिले जातात. त्यांत चूक काही नाही. फक्त त्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत पिटातला माणूस असत नाही, कारण त्याची साक्ष कुणी घेतलीच नाही.

साक्ष घेणे अजूनही अगदी अशक्य नाही. २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत फिल्मची प्रत व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली. पण प्रोजेक्टर चालवलेले, तिकिटे फाडलेले, रंगवलेली पोस्टरे चिकटवलेले लोक कोल्हापुरात आहेत. थिएटरांचे नकाशे, आसनांचे तक्ते, दरपत्रके कुठल्या ना कुठल्या कचेरीत असणार. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे का करावे, असे एका सहकाऱ्याने मला विचारले. मी म्हटले, आपण वाचकवर्गाविषयी बोलतो, ग्रंथालयांच्या नोंदवह्या तपासतो, एखाद्या कादंबरीच्या आवृत्त्या मोजतो. मग शेजारच्या कलेच्या ग्राहकाची जागा मोजायला काय हरकत? त्याला ते फारसे पटले नाही. असो.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात पाहण्याच्या दोन वास्तू शेजारी-शेजारी बांधल्या. १९१२ चे खासबाग कुस्ती मैदान आणि १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह. मैदानात मधोमध हौदा आणि सभोवार उतरती बैठक. कुठूनही पाहिले तरी कुस्ती तीच. नाट्यगृहात कमान, पडदा, समोर बसलेले लोक आणि त्यांच्या जागांचे दर. एका भिंतीच्या अल्याड-पल्याड पाहण्याच्या दोन कल्पना आहेत, आणि बाबूराव पेंटरांची पिढी दोन्हींमध्ये वावरली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छत आणि आतले बरेचसे लाकूडकाम जळाले. दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. पुनर्बांधणीची चर्चा लगेच सुरू झाली, आणि मूळ वास्तू जशी होती तशीच उभारावी, असा आग्रह सगळ्यांनी धरला. त्या गर्दीत माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. ते म्हणाले, रंगमंच होईल हो, पण आम्ही बसत होतो तिथून तो केवढा दिसायचा, ते कुणाला ठाऊक आहे?